दुखायलंय

सिव्हिलच्या मुजावर मॅडम विचारतात,
शून्य ते दहा, आज किती?
म्हटलं, मॅडम, आकडा नको, कापड मागा.
काल नऊ वाजता टॉवेलभर होतं,
दोन वाजता डबल बेडची चादर.
त्या हसतात. कागदावर सात लिहितात.

पाय माझे नाहीत, असं सुई सांगते.
अंगठ्यात टोचली तरी मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत राहतो.
मग ह्या परक्या पायांत
दिवेलागणीला रोज कोण निखारे ओततं?
कधी भगभग, कधी सणक,
कधी ओल्या हातानं मोटारीला चिकटल्यासारखं.
आई ह्याला मंटा म्हणायची, तेलुगूत,
चुलीच्या जाळालाही तोच शब्द.
मला आमचा सोलापुरी पुरतो:
दुखायलंय.
दुखलं नाही, दुखेल नाही.
चालू आहे, पाळी न बदलता.

घरकुलात पत्र्यावर टाकी चढवताना शिडी सरकली.
बारा फूट. फार नाही.
डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला,
आतला दोरा तुटलाय म्हणाले.
बावीस वर्षं मागावर गेली माझी,
तुटका धागा झोपेत जोडतो मी.
म्हटलं, गाठ मारा की साहेब.
त्यांनी फोटो पाकिटात घातला,
पाकिटाची कड दोनदा दुमडली.

आता नऊची गोळी नऊलाच.
आठला घेतली की पहाट उघडी पडते,
आखूड चादरीतून पाय बाहेर यावेत तशी.
दर पंधरा मिनिटांनी खुर्चीचे हात दाबून
बूड उचलायचं, वीस मोजेपर्यंत.
रात्री सुगुणा कूस बदलते माझी,
गजर न लावता, डोळे न उघडता.
पिशवी तुंबली की आग वाढते,
हे कळायला अकरा महिने लागले.
नळाला पाणी येतं त्या दिवशीही वाढते,
ते का, अजून कळलं नाही.
लिहून ठेवा म्हणतात मॅडम.
विडीच्या जुन्या पासबुकात मागच्या पानापासून लिहितो.

सोमवारी माग बंद असतात गल्लीतले.
त्या शांततेत आपलंच अंग फार ऐकू येतं.
म्हणून सोमवारी मी सुगुणाकडून सूप ओढून घेतो.
ती पान कापते, वळते,
मी पंचवीस मोजून दोरा गुंडाळतो.
एक ते पंचवीसच्या मधे
दुखणं उंबऱ्यावर बसून असतं,
चप्पल न काढता.
सव्वीस नसतोच, पुन्हा एक.
परवा एका कट्ट्यात सव्वीस निघाल्या,
कारखान्यात सुगुणाला बोलणी बसली.
ती घरी येऊन म्हणाली,
लक्ष कुठं होतं तुमचं?
मला सांगता येईना.
पायांकडं नव्हतं, एवढं नक्की.

आज किती? मॅडमनी पेन काढलं.
तेवढंच आहे, म्हटलं.
दुखायलंय.
पण मधे मधे
विसरायलोय.