बिकलम

रुमाल क्रमांक एकशे चौदा.
गाठ सोडली की आधी धूळ उठते,
मग कडुनिंबाचा जुना पाला, चुरा झालेला,
आणि मग ती.

मोडी मी उशिरा शिकले, चाळिशीनंतर,
गंगावेशीजवळच्या एका वर्गात, दर रविवारी.
अजून अडखळते. पण हिचं अक्षर लांबूनही कळतं:
'क'चा डोळा बुजलेला, 'ल'ला लांब शेपूट,
टाक शाईत बुडवायला थांबली असेल
तेवढीच काय ती उसंत.

अर्जदार तानूबाई कोम रामजी, वस्ती कसबा बावडा.
निशाणी बांगडी.
अर्जदार हलिमा कोम दस्तगीर शिकलगार.
निशाणी बांगडी.
लिहिता न येणाऱ्या बाईने कागदावर
एक गोल काढायचा, की झाली सही.
आणि प्रत्येक गोलाखाली, बारीक:
बिकलम पद्माक्का उपाध्ये, शुक्रवार पेठ.

बिकलम. म्हणजे हिच्या लेखणीने.
हिच्या स्वतःच्या हातात बांगडी नव्हती
सतराव्या वर्षापासून.

बाप न्यायाधिशीत नकलनवीस.
त्याचे डोळे गेले, मग पाच वर्षं नकला हिने केल्या,
पगार त्याचा, सही त्याची.
शेजारणीचं जातं ओढता ओढता
तिची ओवी आपल्याला पाठ होते ना,
तसा हिला कायदा आला.

सनदेसाठी अर्ज केला. तीनदा.
कलमात शब्द होता 'इसम'.
शेरा आला: इसम म्हणजे पुरुष समजावा.
हिचं उत्तर चार पानी,
त्यातलं एवढंच मी वहीत उतरवून घेतलं:
'घरपट्टी भरतेवेळीं मी इसम असतें,
जप्तीचे वेळीं इसम असतें,
सनदेचे दारांतच माझें काय होतें
हें सरकारांनीं कळवावें.'

सरकारांनी कळवलं नाही.
'दफ्तरी दाखल.' त्यावर शिक्का, शाई फुटलेली.

मग त्रिंबकपंत वकील. अर्जाला दीड रुपया हिला,
आणि हिचे शब्द घेऊन ते आत उभे.
ही बाहेर, चिंचेखाली, खिडकीशी.

तानूबाईचा दावा दिरांवर.
नदीकाठची साडेतीन बिघे, खतावर लिहिलंय 'राजीखुशीनें',
आणि खाली बांगडी.
पद्माक्काने अर्जात लिहिलं,
दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहावे:
अर्जदारणीचा गोल कधीं मिटत नाहीं,
हात कांपतो, टोकें लांब राहतात;
खतावरचा गोल सोनाराने घडविल्यासारखा आहे.
(वाचता वाचता मी एकटीच हसले.
समोरच्या टेबलावरचे गृहस्थ चष्म्यावरून बघायला लागले.)

पुकारा झाला. वकील वाचू लागले,
'तानूबाईनें जमीन दिली...'
आणि नेमक्या याच जागी, समासात,
कुणा कारकुनाने नोंद करून ठेवलीय:
'खिडकीबाहेरून बाईमाणसाचा आवाज आला कीं,
दिली नव्हे, देवविली.'

एवढंच.
ती कोर्टात बोलल्याचा एवढाच पुरावा.
एक 'व' जास्तीचा.
पण तीन दिवस कोंडलेली खोली त्यात आहे,
मनगट धरणारा हात आहे,
बाहेर उभे तिघे दीर आहेत.

आवाज कुणाचा, हे त्याने लिहिलं नाही.
कळत नसेल असं नाही.
कदाचित पद्माक्काला दंड होऊ नये म्हणून,
कदाचित बाईचं नाव त्या कागदावर यायचंच नव्हतं म्हणून.
एकशे तीस वर्षांपूर्वीच्या कारकुनाचं मन
मोडीतून वाचता येत नाही.

निकालाचं पान कसरीने खाल्लंय.
शेवटच्या ओळीतला एक शब्द तेवढा उरलाय:
'सबब'.
त्यापुढे भोकं, भोकांतून खालच्या पानाची शाई,
तो दावा भलताच, कुणाच्या तरी म्हशीचा.

सबब काय?
जमीन परत? दावा खारीज?
चिंचेखाली उभं राहायला मनाई?

शिपाई किल्ल्या वाजवत येतो.
"मॅडम, आवरा की. सहा वाजलं."
मी पाला परत आत सारते, गाठ मारते.
उद्या एकशे पंधरा.