इंगळ

निपाणीच्या रयत संपर्क केंद्रातून आलेला
माती तपासणीचा कागद कानडीत.
मी अक्षर लावत वाचते,
थोरलीच्या शाळेच्या पुस्तकावरून शिकलेली बाराखडी:
सा-व-य-व इं-गा-ल.
पुढं आकडा, पॉइंट अडतीस.
"म्हणजे सेंद्रिय कर्ब," साहेब म्हणाला, "फार कमी आहे, बाई."
मी त्या शब्दापाशीच थांबलेली.
इंगाल.
आमच्यात इंगळ म्हणतात
चुलीतल्या जित्या निखाऱ्याला.

चार वर्षांमागचं हे.

तेव्हा कारदग्यात ऊस तुटून गेला की
सांजेला शिवार पेटायचं,
दूधगंगेच्या अल्याडचं, पल्याडचंही.
सकाळी दोरीवरच्या लुगड्यांवर
काजळीच्या अळ्या.
आमचं रान फाळ्यानं, एक एकर सात गुंठे,
मालक इचलकरंजीत, यंत्रमागांच्या खडखडाटात.
मी म्हटलं, यंदा काडी लावायची नाही.
पाणी गाळून पिणारी माणसं आपण,
एका काडीत किती जीव जातात?
नेमगोंडा म्हणाला, उंदीर होतील.
झाले.
तरी पाचट सरीत दाबलं, वर शेणकाला शिंपला,
खोडव्यात नांगर घातला नाही.
बांधावरून भरमू हसला,
"गादी कुणासाठी घातलीस, वहिनी?"
तिसऱ्या वर्षी त्याच्याच फडातून आग आली,
चार सऱ्या गेल्या.
त्या रात्री मी जेवले नाही, एवढंच.

दरसाल नऊ जागी खड्डे, वीतभर खोल,
माती कागदावर पसरून चार भाग,
समोरासमोरचे दोन टाकायचे,
पुन्हा चार, पुन्हा दोन,
उरेल ती अर्धा किलो पिशवीत.
पॉइंट एक्केचाळीस.
पॉइंट सेहेचाळीस.
आगीच्या वर्षी तेवढाच.
यंदा त्रेपन्न.
धाकटी ढेकूळ फोडून गांडुळं मोजत बसते
आणि तिची शाळेची गाडी चुकते.

परवा मालकाचा फोन.
पाडव्याला रान सोडा.
कुठली तरी कंपनी आलीय म्हणे,
जमिनीत कर्ब साठवला की पैसे देते,
उताऱ्यावर ज्याचं नाव, त्याला.
उताऱ्यावर माझं नाव नाही.
नेमगोंडाचंही नाही.
अडतीस आणि त्रेपन्न, मधल्या पंधरावर
कोण सही करणार?

काल ऊस गेला.
मी पाचट ओढत होते सरीत.
नेमगोंडा बांधावर बसून,
"आता कुणासाठी गं?"
मला लगेच काही सुचलं नाही.
मनगटात पाचटाची कूस टोचत होती.

आई रात्री चूल आवरताना
इंगळ राखेत पुरून ठेवायची.
विझू द्यायचा नाही, पेटूही द्यायचा नाही.
पहाटे जो आधी उठेल
त्यानं फुंकर घालायची.

हे मी त्याला बोलले नाही.
म्हटलं, "ऊठ,
कडेची सरी राहिलीय."