पत्र्यातला ळ

उद्यमबागेत लेथच्या शेडला लागून आमचं दुकान.
दोन एमएमचा पत्रा, एक संगणक, एक कटर,
आणि मी काढलेला एक टाइप,
सगळा काटकोनात. गोलाई म्हणून कुठं नाही.
नाव ठेवायचं राहून गेलं होतं.
लुमाण्णा त्याला अँगलपट्टी म्हणायचा.

वीस फुटांवरनं वाचता येतो, धूर असला तरी.
पंपाच्या कवचावर बसतो, तेलाच्या पिंपावर,
क्रेनच्या तुळईवर : भार ५ टन. खाली उभारू नये.
येळ्ळूरच्या तालमीनं बनियनवर छापून घेतला.
लग्नपत्रिकेसाठी कुणी विचारलं नाही
आणि बरोबरच आहे,
त्यातला श्री कुलपासारखा दिसतो.

पत्रा कापायचा पहिला धडा असा :
'व'चं पोट आख्खं कापलं तर गळून पडतं
खाली, छाटणाच्या ढिगात.
म्हणून एक पूल ठेवायचा, तीन एमएमचा,
पोट बाहेरच्या पत्र्याला धरून राहील एवढा.
माझ्या पहिल्या आठवड्यातली पोटं
लुमाण्णानं डब्यात जपून ठेवलीत.
गिऱ्हाईक आलं की दाखवतो.

ग, म, न मुकाट आले,
ते आधीच खांबाला टेकलेले.
ळ नं चार दिवस खाल्ले.
दोन चौकोन केले तर खिडकी,
उघडे ठेवले तर मोडका चष्मा.

तेवढ्यात इराप्पा आला. फौंड्रीतला साचेवाला,
उलटी अक्षरं सुलट वाचणारा.
मच्छ्यात मेहुणीची गिरण, तिला बोर्ड पाहिजे.
वर कन्नडमध्ये जोळ, खाली मराठीत जोंधळा.
वरचं मोठं, खालचं उरल्या पत्र्यात,
नियम तसा आहे.
त्यावर आम्ही काही बोललो नाही.
टेप त्यानं धरला, आकडा मी वाचला.

'आमच्यातबी हाय की ळ,' म्हणाला
आणि खडूनं फरशीवर काढला,
वेटोळं घालून बसलेल्या मांजरासारखा.
मग माझा बघितला बराच वेळ.
'मोडू नको मर्दा. कोपरा छाट,
वेल्डिंगच्या आधी छाटतोस तसा.'
पंचेचाळीस अंश. बास.
ळ अष्टकोनी होऊन उभा राहिला,
दोन पोटं, दोन पूल.
त्याच छाटीनं त्याचाही केला,
तिथं मात्र तीनदा पत्रा वाया गेला.

सहा महिन्यांनी मच्छ्याला गेलो, दळणाचं निमित्त.
बोर्डावर पीठ बसलेलं,
खाचांत, पुलांवर, प्रत्येक छाटीच्या काठाला,
आणि सगळे कोपरे गोल.
'सोमवारी पुसते,' यल्लव्वा म्हणाली,
'कोपऱ्यातलं काही निघत नाही.'

परत येऊन फाईल उघडली.
एकही बिंदू हलवला नाही.
फक्त नावाच्या जागी टाइप केलं : जोंधळा.
लुमाण्णा अजून अँगलपट्टीच म्हणतो.