तांडापेठेतली पट्टी

कंपनीच्या नकाशात ही गल्ली नाही.
फोनवरची मुलगी म्हणाली,
"त्या भागात आमची सेवा नाही, सर,"
आणि डोमाजी पराते, वय एक्क्याऐंशी,
आयुष्यात पहिल्यांदा सर झाले.

मी मेडिकलची ड्यूटी संपवून येते,
मंगळवारी, शनिवारी.
गाडी गोळीबार चौकात लावते.
पुढे नाली, मग जिना, इतका उभा
की त्यांना खाली न्यायला चौघं लागतात.
चौघांतले दोघं आता पुण्याला.

कूलर कोरडा. आधी त्यात दोन बादल्या.
मग टाच.
काळं थोडं आक्रसलंय, कडेला गुलाबी.
मी सलाइननं धुते,
ते छताकडे बघत विचारतात,
"जेवली काय वं माय?"

गॉज उलगडला की मात्र उठून बसतात,
दोन बोटांत धरून उजेडात नेतात.
"कोनं इनलं हे? ताना ढिला, बाना त्याहून ढिला.
माह्या मागावर असं निघालं असतं
तं शेठनं तोंडावर फेकलं असतं."
"मशीनचं आहे, काका."
"म्हनूनच."

मग पाय पुढे करतात, जरा ऐटीत.
मी वेढे घालते,
घोट्यावरून, तळव्याखालून, परत वर.
ते माझा हात बघतात,
नव्या पोराचा बघावा तसा.
"घट्ट नोको. दम घेऊ दे कापडाले."

उशीखालची शंभराची नोट.
मी पन्नास परत ठेवते. ते मोजतात.

बुधवारी वॉर्डात, बावीस नंबरला पट्टी बांधताना
माझा एक वेढा
आपोआप सैल पडला.