अंगठा

साडेचारला ऊन उतरेल म्हणून
दुपारपासून बसलेय अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये.
छताचे करवती दात उत्तरेकडे उघडे,
मागांचा खडखडाट, माझी तिपाई,
आणि भिंत ओळंब्यात नाही,
दीड अंश डावीकडे.

मालक म्हणालेत, माणसं नकोत फोटोत.

तेवढ्यात बोद्दुलमावशींनी डबा सोडला.
कडक भाकरी. टिचकी मारली तर कौलासारखी वाजते.
वर शेंगाचटणी, उखळातली, तेल सुटलेली.
"मोड की. काय बघायलीस निस्तं?"
मी कडा बघत होते, वर वळलेल्या:
एवढ्याशा जाडीत
एवढा गोल उभा राहतो कसा,
कुठल्या खांबाशिवाय.

मग ऊन आलं, एकदम,
चादरीच्या ताण्यावर.
दिवसभरात तेवढीच रेघ मला सरळ दिसली.
हात न धुताच धावले. दहा फोटो.

रात्री लॉजवर मोठे करून पाहिले.
प्रत्येकात एक धुकं,
माझ्याच अंगठ्याचं, चटणीच्या तेलाचं.
नऊ पुसून काढले.
दहाव्यात ते नेमकं
मावशींच्या रिकाम्या स्टुलावर बसलंय.

तो मालकांना पाठवणार नाही.