प्रकरण सातवं

एल्मर लिंडक्विस्टनं खोकं माझ्या गाडीत ठेवलं
तेव्हा डुलुथमध्ये उणे अठरा होतं
आणि खोक्यावर लिहिलं होतं: केळी.
आत एक साम्राज्य.
सात प्रांत, तीन राजघराणी, चौदा जातींच्या तलवारी,
सगळं अशा टाइपरायटरवर बडवलेलं
ज्याचं एक अक्षर कायम अर्धंच उठायचं.
"हात कापतात आता," तो म्हणाला,
"फासे टेबलाखाली जातात.
नव्या नियमांत बसव हे, येर. तुला जमेल."

जमतं म्हणा.
पूर्वी चिलखत भारी तर आकडा खाली, आता वर.
उलटं करायचं, झालं.
मंत्र रोज सकाळी पाठ करावे लागत,
म्हटला की विसरलात, शाळेतल्या सनावळ्यांसारखे.
ते गेलं.
मरणही सैल झालंय. आता मरता मरता
तीनदा फासा टाकू देतात.

गाडं अडलं ते मानापाशी.
एल्मरच्या कागदावर मानाची वेगळी चौकट आहे:
वाकायला विसरलात, दोन वजा.
पाहुण्याच्या आधी घास घेतलात, एक वजा.
लिहून, खोडून, लिहून तिथं भोक पडलंय,
भोकातून मागच्या पानावरचं सोनं दिसतं.
नव्या नियमांत मानाला रकानाच नाही.
मी तो समासात लिहिला, पेन्सिलीनं,
आणि पुढचं पान उलटलं.

प्रकरण सातवं. राक्षस. अकारविल्हे.
पंखांचा नाग आणि पाणपिशाच यांच्या मधोमध

पहाडी लोक.
एका वेळी वीस ते दोनशे.
भाषा: स्वतःची, इतरांना न कळणारी.
बायका निळे, भरतकामाचे घागरे नेसतात.
खजिना: चांदीच्या सऱ्या.
मारल्यास प्रत्येकी पस्तीस गुण.

आईची सरी सेंट पॉलच्या बँकेत आहे, लॉकर एकशे बारा.
मेकाँग ओलांडताना पोटाला बांधली होती तिनं,
बांबूच्या मोळीला लटकून, रात्रभर.

मी बारा वर्षांची होते. एल्मरचं तळघर,
वॉशिंग मशीनचा आवाज, समोर नकाशातला घाट.
फासा टाकला. वीस.
तिघं पडले.
एकशे पाच गुण, आणि सगळ्यांनी टाळ्या पिटल्या,
मीसुद्धा.
घागरे निळे होते, हे त्यानं वाचून दाखवलं नव्हतं.

मी पान घेऊन त्याच्याकडे गेले.
चष्मा लावून त्यानं ते वाचलं, मग काढून वाचलं.
"लायब्ररीतल्या मासिकात फोटो होता," म्हणाला.
"वाटलं, इतक्या लांबून कोण येतंय तपासायला."
बाहेर सरोवरावर बर्फ तडकत होता,
इथले लोक त्या आवाजाकडे लक्ष देत नाहीत.
बराच वेळानं:
"आणि मी तुला टाळ्या वाजवल्या."

मी काही बोलले नाही. कॉफी चांगली नव्हती, प्यायले.

घरी येऊन पस्तीस खोडले.
खजिना खोडला.
भाषा राहू दिली, 'न कळणारी' काढलं.
मग हात थांबला. नवे नियम विचारतात:
वेग किती, बळ किती, अंधारात दिसतं का?
दिसतं, मी लिहिलं. दिसलंच पाहिजे.
बाकीचे रकाने अजून कोरे आहेत.

गुरुवारी एल्मर आला, पहिल्यांदाच खेळाडू म्हणून.
फाशासाठी मी ताटाला टॉवेल गुंडाळून ठेवला होता.
त्याला जुना सरदार नको होता,
मान सतरा असलेला.
"घाटातलं कुणीतरी दे," म्हणाला. "म्हातारं चालेल.
नाव काय लिहू?"

मला नावं ठाऊक होती. माझ्या आजोळची नऊ तरी.
"घाट चढ आधी," मी म्हटलं,
"वर कुणी भेटलं तर विचार."

तो फासा हातात घेऊन बसला.
फासा त्याच्या मुठीत आपोआप वाजत होता.