अधिक सहा

मारेगाव रोडवरच्या जिनिंगात
हजेरी माझ्याकडे असते.
निळी वही, दोरीनं बांधलेलं पेन,
आणि दर सकाळी तीच एक ओळ:
कौतिका कुडमेथे + ६

सहा म्हणजे कोण, हे वहीला कधी पडलं नाही,
ठेकेदाराला पडलं नाही,
खरं सांगतो, मलाही नाही.
त्या रेच्यावर कापूस टाकत,
सरकी खाली, रुई पुढं,
आणि दिवस बुडेस्तोवर सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या होत.
एका पाळीत म्हाताऱ्या झालेल्या बाया
नळावर तोंड धुतलं की परत तरण्या.

जानेवारीत कौतिकाबाई अर्ज घेऊन आली.
संघटना काढायची. सात नावं लागतात,
पूर्ण नाव, वय, काम, पत्ता, सही.
"तुह्या वहीत आहो ना आमी? थेच उतरून दे."
मी वही उघडली.
तिला अक्षर येत नाही. चिन्हावर बोट ठेवलं तिनं.
"हे काय, फुली मारली का आमच्यावर?"
फुली नाही, म्हटलं, बेरीज आहे.
"बेरीज त मालकाची होते गा. आमची कायची?"

त्याच आठवड्यात टपरीच्या टीव्हीत
दोन इस्त्रीचे सदरे भांडत होते.
एक म्हणे, संघटना काढणं सोपं करा,
अर्जाला मुदत घाला, साहेबाला जाब विचारा.
दुसरा म्हणे, करा सोपं,
मग बघा कारखाने पैनगंगा ओलांडून आदिलाबादला जातात का नाही.
हमाल पिदुरकर बशीत चहा ओतत बोलला,
"आमच्या बाया दरसाल मिरची तोडाले तिकडंच जातेत.
जाऊ दे कारखाना. वळखीचेच भेटतीन त्याले."
सगळे हसले. मीही हसलो,
मग खिडकीतून ठेकेदाराची गाडी दिसली.

नावं लिहायला मी रात्री गेलो, कौतिकाच्या घरी.
मैना सोनबा टेकाम, वय विचारलं तर म्हणाली, लिव काहीबी.
शकुन निखाडेनं सही केली, तीन वेळा, तिन्ही वेगळ्या.
रेशमाबी दारातच उभी राहिली, नवऱ्याला विचारून आली,
परत गेली, परत आली.
यशोधरा वाकडेचं आधार कार्ड पाहिलं,
त्यावर यशोदा.
"यशोदा कोन हाय, मले नाही मालूम," ती म्हणाली,
"माह्या बापानं विहारात ठेवेल नाव हाय हे."
मी यशोधराच लिहिलं.
अंगठे उमटवले तर शाईत रुईचे तंतू.
पुसले तरी राहिले.

होळीच्या आधी नागपूरहून लिफाफा आला.
क्रमांक पाच: नाव जुळत नाही.
क्रमांक दोन: अंगठा अस्पष्ट.
आणि खाली, टाइप केलेलं,
हंगाम संपल्यावर अर्जदार कामगार राहतात काय,
खुलासा करावा.
हंगामाचे आठ दिवस उरले होते.
मैना तोवर खम्ममला गेली होती, मिरचीवर,
पोराला घेऊन.
सहाच राहिल्या.

कौतिकानं पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.
रागावली नाही. मला म्हणाली,
"अन् तू गा? तू कोनाच्या अधिकमंदी हायस?"

त्या रात्री मी वही पहिल्या पानापासून चाळली,
पाच हंगामांची.
हमाल होते, प्रेसवाले होते, चौकीदार होता,
मालकाच्या कुत्र्याच्या भाकरीचा खर्च होता.
हजेरी घेणाऱ्याची हजेरी कुठंच नव्हती.

सकाळी मी एका ओळीच्या जागी
सहा ओळी लिहिल्या, आडनावांसकट.
पान लवकर भरलं.
ठेकेदार म्हणाला, "कागद काहून नासवतो बे?"
मी म्हटलं, अक्षर मोठं आलं.

अर्ज टेबलावर पडून आहे.
सातवी रेघ कोरी.
पेनची दोरी वहीपुरतीच लांब आहे,
अर्जापर्यंत पोचत नाही.

दुपारच्या भोंग्यानंतर, कोणी नसताना,
मी अर्ज थोडा अलीकडे ओढून पाहिला.